तळातून थेट अव्वल

अमेरिकी फुटबॉलच्या 2016 च्या हंगामात लॉस एंजेलिस रॅम्सने 16 सामन्यांत अवघे 224 गुण केले. 32 संघांत सर्वांत कमी. पुढच्याच हंगामात त्याच संघाचे गुण झाले 478, सर्वांत जास्त! मधल्या काळात नवा मुख्य प्रशिक्षक आला होता: शॉन मॅकव्हे, नेमणुकीच्या वेळी वय वर्षं 30.

त्याचं मोठं हत्यार म्हणजे हूल. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, चेंडू धावणाऱ्या साथीदाराच्या हाती दिल्यासारखं करतो आणि देत नाही. बचावपटू त्या साथीदाराला अडवायला दोन पावलं पुढे सरसावतात, त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होते आणि पास तिथेच पडतो. बचावपटू काही भोळे नसतात. पण विचाराला क्षणभरही सवड नसली की डोळ्यांना दिसेल त्यावरच पाय हलतात. गुगलीवर फलंदाज फसतो, तसंच. त्यात मॅकव्हेची खुबी अशी, की धाव असो वा पास, खेळाडूंची मांडणी बहुधा सारखीच दिसे.

दुसरी गंमत रेडिओची. खेळी सुरू करण्याच्या मुदतीत 15 सेकंद उरले की क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला स्पीकर बंद होतो. रॅम्स झटपट रांगेत उभे राहत, म्हणजे समोरचा बचाव पाहून मॅकव्हेला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफच्या कानात सूचना देता येई. हाच गॉफ आदल्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला होता.

सगळं श्रेय प्रशिक्षकाला देणं मात्र मला पटत नाही. क्वार्टरबॅकला संरक्षण देणारा अनुभवी अँड्र्यू व्हिटवर्थ आणि पास झेलणारे रॉबर्ट वुड्स व कूपर कप त्याच वर्षी संघात आले. आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात अटलांटाने रॅम्सला 26-13 असं घरी पाठवलं.