भूगर्भाचा नकाशा

महाराष्ट्रातील शेतकरी नवी विहीर खणावयास घेतो, तेव्हा त्याच्या मनात आशा आणि भीती ह्या दोन्ही भावना असतात. वरची काळी माती लवकर निघते. तिच्याखाली मुरूम लागतो. मुरुमाखाली कोठे मांजऱ्या, तर कोठे घट्ट काळा फत्तर लागतो. पाणी लागले, तर घरादाराचे कल्याण होते. न लागले, तर कर्ज तेवढे डोक्यावर उरते. जमिनीच्या पोटात काय आहे हे खणण्यापूर्वीच कळले, तर किती बरे होईल! हाच प्रश्न एका शेतापुरता न राहता साऱ्या देशाविषयी विचारला गेला, आणि त्यातून भारताच्या भूवैज्ञानिक पाहणीचा जन्म झाला.

ह्या पाहणीला प्रथम निमित्त झाले ते कोळशाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारताच्या नद्यांतून व किनाऱ्यांवरून आगबोटी चालू लागल्या होत्या. त्यांना कोळसा हवा होता. बंगालमधील राणीगंजच्या परिसरात १७७४ पासून कोळसा काढला जात होता. परंतु तो आणखी कोठे आहे आणि किती आहे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने डेव्हिड विल्यम्स ह्या भूवैज्ञानिकाची नेमणूक केली. १८४६ मध्ये ते भारतात आले आणि दामोदर नदीच्या खोऱ्यात हिंडू लागले. तो प्रदेश दाट रानाचा होता. तेथील तापावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. १८४८ च्या नोव्हेंबर महिन्यात विल्यम्स आणि त्यांचे साहाय्यक जोन्स हे दोघेही तापाने मरण पावले. भूगर्भाच्या नकाशाची पहिली रेघ अशी माणसांच्या प्राणांचे मोल देऊन ओढली गेली.

१८५१ च्या मार्च महिन्यात टॉमस ओल्डहॅम हे आयरिश भूवैज्ञानिक कलकत्त्यास येऊन दाखल झाले. ‘भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण’ ह्या संस्थेचा आरंभ ह्याच वर्षापासून मानला जातो. सरकारला कोळसा लवकर हवा होता. ओल्डहॅम ह्यांचे मत मात्र असे होते, की एकेका खाणीमागे धावण्यात अर्थ नाही. कोणता खडक कोणाच्या वर आहे, कोणाच्या खाली आहे आणि तो कोठपर्यंत पसरला आहे, हे आधी कळले पाहिजे. मग खनिजे कोठे शोधावीत हे खडकच सांगतील. पंचवीस वर्षे, म्हणजे १८७६ पर्यंत, त्यांनी ह्याच विचाराने काम चालविले.

न खणता खाली काय आहे हे ओळखायचे तरी कसे? समजा, वह्यांची एक चवड तिरकी कलंडून ठेवली आहे. प्रत्येक वहीची कड वर दिसते, पण तिचा उरलेला भाग दुसऱ्या वह्यांखाली झाकलेला असतो. कोणती वही कोणत्या बाजूला किती कललेली आहे हे कडेवरून कळले, की ती आत कोठे असेल हे सांगता येते. खडकांचे थरही असेच कललेले असतात. ओढ्याच्या काठी कोळशाच्या थराची कड उघडी पडली असेल आणि तो थर पूर्वेकडे दर दहा हातांमागे एक हात उतरत असेल, तर सपाट जमिनीवर तेथून हजार हात पूर्वेला तो शंभर हात खोल सापडावा. म्हणून भूवैज्ञानिक हातोडीने खडकाचा तुकडा फोडून पाहतो, होकायंत्राने दिशा ठरवितो, थराचा कल मोजतो आणि नकाशावर प्रत्येक खडकाला वेगळा रंग देतो. कोठे थर तुटून खाली सरकलेले असतात. अशा ठिकाणी त्याचा हिशेब चुकतो. तेव्हा त्याला मागे फिरून ती भेग शोधावी लागते.

हे काम पायी चालूनच करावे लागे. पावसाळा संपला, की भूवैज्ञानिक तंबू, बैलगाड्या किंवा हत्ती घेऊन निघत आणि उन्हाळा कडक होईपर्यंत रानावनात हिंडत. पावसाळ्यात ते कलकत्त्यास परत येऊन नकाशे व वृत्तांत लिहीत.

अशा हिंडण्यातून कधी कधी अनपेक्षित ज्ञान हाती येई. १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड हे ओरिसातील तालचेर येथे कोळशाचा शोध घेत होते. कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक विचित्र थर आढळला. बारीक गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले होते! वाहते पाणी मोठे दगड एका जागी टाकते आणि बारीक गाळ दुसरीकडे नेते; येथे मात्र दोन्ही एकत्र होते. हे बर्फाचे काम असावे, असा तर्क त्यांनी केला. पुढे १८७० नंतरच्या दशकात चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठी इरई येथे फेडन ह्यांना ह्याच थरातील ओरखडे पडलेले धोंडे सापडले. त्यांच्याखालचा कातळही घासला गेला होता. सरकणाऱ्या बर्फात अडकलेले दगडच असे ओरखडे पाडतात. आज कडक उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चंद्रपुरात सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते, ह्याची ती साक्ष होती. ह्या ज्ञानाचा व्यवहारातही उपयोग झाला. हा थर लागला, की त्याखाली त्या काळचा कोळसा मिळणार नाही, हे खाणवाल्यांना कळू लागले. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाची पाहणी ह्यूझ ह्यांनी केली. तिचा सविस्तर वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आरंभी ह्या संस्थेत अधिकाराच्या जागी सारे युरोपीयच होते. १८७३ मध्ये राम सिंग ह्यांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. १८८० मध्ये प्रमथनाथ बोस हे अधिकारी झाले. ह्या पदावर येणारे ते पहिले भारतीय. त्यांनी आजच्या छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा ह्या डोंगरांतील लोखंडाची नोंद केली. १९०३ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास प्रमुख नेमण्यात आले, तेव्हा बोस ह्यांनी नोकरी सोडली. पण त्यांचे काम थांबले नाही.

त्याच सुमारास जमशेटजी टाटा ह्यांचे पुत्र दोराबजी पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंड शोधत होते. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथे मनासारखे यश न आल्याने ते निराश होऊन नागपुरास आले. तेथे एका संग्रहालयात वेळ घालविताना भिंतीवरील भूवैज्ञानिक नकाशाकडे त्यांचे लक्ष गेले. दुर्गच्या बाजूस लोखंड दर्शविणारा गडद रंग होता! ते तिकडे गेले. लोखंड विपुल होते, पण ते गाळण्यास योग्य असा कोळसा जवळपास नव्हता. इतक्यात १९०४ मध्ये बोस ह्यांचे पत्र जमशेटजींना आले. मयूरभंज संस्थानात उत्तम लोखंड आहे आणि झरियाचा कोळसाही तेथून फार दूर नाही, असे त्यांनी कळविले होते. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, येथे पोलाद तयार झाले. दल्ली-राजहराचे लोखंडही वाया गेले नाही. स्वातंत्र्यानंतर उभारलेल्या भिलाईच्या कारखान्याला तेच पुरविण्यात आले.

कोळसा आणि लोखंड ह्यांइतकेच पाणीही मोलाचे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. हा रस एकावर एक असा अनेक वेळा पसरून थिजला. थरांच्या घट्ट भागातून पाणी मुरत नाही. झिजलेल्या मुरुमात आणि फत्तराच्या भेगांत मात्र ते साठते. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी लागते आणि शेजारची कोरडी राहते. भूगर्भातील पाण्याची पाहणीही प्रथम ह्याच संस्थेकडे होती. १९७२ मध्ये तिचा तो विभाग केंद्रीय भूजल मंडळात सामील करण्यात आला.

खाणीतील कोळसा एकदा जळला, की संपतो. विहिरीत मात्र दर पावसाळ्यात नवे पाणी मुरते. पण जेवढे मुरते त्याहून अधिक उपसले, तर विहीरही आटते. भूगर्भात काय दडले आहे हे नकाशा सांगतो. ते किती वापरावे आणि पुढच्या पिढीसाठी किती राखावे, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते.