डंखाला चुना नको, आधी घड्याळ पाहा

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील माझ्या दवाखान्यात एका गृहस्थांना रिक्षातून आणले. गच्चीवर टाकीपाशी पोळे होते, तिथे मानेला एकच मधमाशी चावली होती. मानेवर चुन्याचा थर, अंगभर गांधी, ओठ सुजलेले, नाडी जेमतेम लागत होती. घरच्यांनी आधी पानवाल्याकडून चुना आणला, मग कांदा चोळला. त्यात वीस मिनिटे गेली. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देऊन त्यांना रुग्णालयात हलविले. सुदैवाने ते वाचले.

वाचकहो, बहुतेक डंख घरीच बरे होतात. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसह कातडीत राहतो व विष सोडत असतो. तो नखाने खरवडावा की चिमटीने ओढावा, हा वाद व्यर्थ आहे. महत्त्व झटपट काढण्याला आहे, असे १९९६ साली ‘लॅन्सेट’मधील एका प्रयोगाने दाखविले. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही. नंतर जागा साबण-पाण्याने धुवावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. बोटाला चावल्यास अंगठी लगेच काढावी. खाज सुटल्यास कॅलामाइन लावावे, खाजवू नये. चुना, तंबाखू, ब्लेडने चिरणे, आवळून बांधणे हे सर्व वर्ज्य!

मात्र पहिला अर्धा-पाऊण तास माणसाला एकटे सोडू नये. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, उलट्या, चक्कर यांपैकी काही दिसताच १०८ क्रमांकाला फोन करावा. चक्कर येत असल्यास रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, चालवू नये. डंख तोंडात किंवा घशात असेल, अथवा एकाच वेळी अनेक माश्या चावल्या असतील, तर लक्षणांची वाट पाहू नये.

विंचवाचे मात्र वेगळे. आपल्या कोकणपट्टीत लाल विंचू आढळतो. तो चावल्यावर वेदना कमी, पण दरदरून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे होत. पुढे फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, आणि पूर्वी हमखास दगावणारे कितीतरी रुग्ण वाचू लागले. पण गोळी घरी देऊ नये. रक्तदाब तपासूनच ती द्यावी लागते. लहान मुलाला विंचू चावल्यास तर थेट रुग्णालयच गाठावे.

पावसाळ्यात बूट झटकून घालावेत, लाकूडफाटा व विटा हाताळताना जपावे. आणि कुणाला डंख झालाच, तर काटा काढताच वेळ पाहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.