परीक्षा, गिटार आणि आकाशातील धूळ



मार्च महिना उजाडला की आमच्या महाविद्यालयाचे रूपच पालटते. एरवी कट्ट्यावर रेंगाळणारी मुले वाचनालयात जागा धरून बसतात. प्रयोगशाळेत राहिलेली जर्नले पुरी करून सह्या घेण्याची एकच घाई उडते. अशाच एका दिवशी प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याची शंका मात्र अभ्यासातली नव्हती. "सर, परीक्षा होईपर्यंत गिटार माळ्यावर टाक, असं घरचे म्हणतात. टाकू का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. त्याऐवजी मी त्याला दुसऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

शेकोटीच्या फळीची गिटार

ब्रायन मे याचा जन्म इंग्लंडमध्ये १९४७ साली झाला. सोळाव्या वर्षी त्याला विजेवर वाजणारी गिटार हवी होती, पण ती विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. मग १९६३ साली बापलेकांनी गिटार घरीच बनवायला घेतली. जुन्या शेकोटीवरच्या लाकडी फळीतून तिची मान कोरली. त्या लाकडाला किडीने पाडलेली भोके काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे, विणकामाच्या सुईचा तुकडा, सारे कामी आले. गिटार पुरी व्हायला सुमारे दोन वर्षे लागली.

अशा कामात भौतिकशास्त्र कुठे येते, असे विचाराल. तारेची लांबी निम्मी केली की कंप्रता दुप्पट होते, हे तुम्ही शिकला आहात. गिटारीवर या दोन स्वरांच्या मध्ये बारा समान पायऱ्या बसवायच्या असतात. त्यासाठी दर पडद्याला तारेची लांबी १.०५९५ ने भागत जावे लागते. बारा वेळा भागून पाहा, उत्तर जवळजवळ निम्मे येईल.

पुढे १९६५ मध्ये ब्रायन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकू लागला. इंग्लंडमध्येही वर्षअखेरच्या परीक्षा उन्हाळ्याच्या सुमारास येतात. त्याच दिवसांत, मे १९६७ मध्ये, प्रख्यात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचा त्या कॉलेजात कार्यक्रम झाला. त्यांच्याआधी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात ब्रायन होता! १९६८ मध्ये तो पदवीधर झाला, पण पहिल्या वर्गात नव्हे, दुसऱ्या वर्गाच्या वरच्या श्रेणीत. हे मी मुद्दाम सांगतो. दोन छंद सांभाळणाऱ्याच्या पदरात सारेच पडते असे नाही.

धुळीचा वेग कसा मोजायचा?

संशोधनासाठी ब्रायनने विषय घेतला तो आकाशातील धुळीचा. आपल्या सूर्यमालेत ग्रहांच्या मार्गांच्या पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे. तिच्यावरून विखुरलेला सूर्यप्रकाश काळोख्या रात्री अंधूक पट्ट्यासारखा दिसतो. त्याला राशिप्रकाश म्हणतात. ही धूळ कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरते, हा त्याचा प्रश्न होता.

तिथवर जाऊन धूळ कोण मोजणार? पण सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. त्यांपैकी मॅग्नेशियमची एक रेषा ५१८ नॅनोमीटरजवळ आहे. प्रकाश परतवणारी धूळ आपल्याकडे येत असेल, तर ही रेषा निळ्या बाजूला किंचित सरकते. दूर जात असेल, तर तांबड्या बाजूला. हाच डॉप्लर परिणाम. आता हिशेब करू. धूळ सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे, असे समजा. प्रकाशाचा वेग ३,००,००० किलोमीटर. म्हणजे रेषा आपल्या तरंगलांबीच्या दहा हजाराव्या भागाने, फक्त ०.०५ नॅनोमीटर, सरकणार! इतके सूक्ष्म विस्थापन टिपण्यासाठी मे यांनी १९७१ आणि १९७२ मध्ये टेनेरीफ बेटावरील उंच वेधशाळेत फॅब्री–पेरो पद्धतीचे उपकरण वापरले. त्या कामावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाले.

याच काळात 'क्वीन' हा त्यांचा वाद्यवृंद नावारूपाला येत होता. त्यातील गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे बरेचसे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले होते. अखेर १९७४ च्या सुमारास मे यांनी प्रबंध अपुरा सोडला आणि पूर्ण वेळ संगीत धरले.

मूळ संख्यांचा ठेका

भौतिकशास्त्र मात्र सुटले नाही. १९७७ चे 'वुई विल रॉक यू' हे गाणे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यातला पाय आपटण्याचा ठेका हजारो लोकांचा वाटतो, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी माणसे थोडीच होती. गर्दीत दूरच्या माणसाचा आवाज आपल्याकडे किंचित उशिरा पोचतो. म्हणून मुद्रित आवाजाच्या अनेक प्रती थोड्या थोड्या उशिराने मिसळल्या. हे उशीर एकमेकांच्या पटीत असते, तर कानाला प्रतिध्वनी जाणवला असता. म्हणून मे यांनी त्यांच्यासाठी मूळ संख्यांचा आधार घेतला. मूळ संख्यांना सामाईक विभाजक नसतो, हे तुम्ही सातवी-आठवीत शिकता. तो उपयोगी पडला तो असा!

प्रबंधाचे काय झाले? तीन दशकांनी मे पुन्हा कॉलेजात गेले, मधल्या काळातले सारे संशोधन वाचून काढले आणि २००७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचे नशीब असे की मधल्या वर्षांत या प्रश्नावर फार लोकांनी काम केले नव्हते. पण नुसत्या नशिबाने काम भागले नसते. १९७१-७२ ची निरीक्षणे नीट नोंदलेली होती, म्हणूनच ती इतक्या वर्षांनी वापरता आली.

मी उत्तर का दिले नाही?

आता माझी गोष्ट. मी विद्यार्थिदशेत तबला वाजवत असे. चामड्याच्या साध्या पडद्यातून सुरेल नाद निघत नाही. तबला-मृदंगातून तो निघतो याचे कारण त्यावरची शाई, हे सर सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले होते. ते वाचून एम.एस्सी.ला असताना मी माझ्या तबल्याच्या कंप्रता मोजायला लागलो. परीक्षा आली, तबला माळ्यावर गेला. मागच्या दिवाळीत ती वही सापडली. आकडे पानोपानी आहेत, पण तबला कोणत्या पट्टीत लावला होता ते लिहिलेले नाही. तारखाही नाहीत. ते आकडे आज कुणाच्याच उपयोगाचे नाहीत, माझ्याही.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढेच म्हणालो, "परीक्षेपुरती गिटार बाजूला ठेव, परीक्षाही मनापासूनच द्यायची असते. पण माळ्यावर टाकू नकोस. हाताशी असू दे, आणि काय वाजवत होतास, कुठे अडला होतास, ते तारीख घालून वहीत लिहून ठेव." बाजूला ठेवलेले काम पुन्हा उचलता येते. नोंद न करता टाकून दिलेले मात्र हरवते.

आणि हो, राशिप्रकाश पाहण्याचे उत्तम दिवस आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच, म्हणजे परीक्षेचेच! अमावास्येच्या आसपास गावाच्या दिव्यांपासून दूर, सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने पश्चिमेला पाहा. क्षितिजावरून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसला, तर तीच ती धूळ. पंधरा मिनिटे पाहा, वेळ आणि तारीख टिपून ठेवा, आणि पुन्हा अभ्यासाला बसा.