यंत्र नवे, वाळू जुनी!

घरातल्या बिडाच्या तव्याच्या पाठीवरून बोट फिरवून पाहा. जरा खरखरीत लागते ना? तो वाळूच्या साच्याचा ठसा आहे. पाण्याच्या पंपाचे कवच, ट्रकचा ब्रेक ड्रम हेही असेच वाळूच्या साच्यात रस ओतून घडवतात. तव्यात बारीकसे भोक राहिले तर फारसे बिघडत नाही. ब्रेक ड्रममध्ये पोकळी राहिली तर मात्र जिवाशी गाठ!

ही पोकळी येते कोठून? वाळूचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून वाळूत बेंटोनाइट माती आणि थोडे पाणी मिसळतात. सुमारे १३५० ते १४०० अंश सेल्सिअस तापमानाचा रस साच्यात पडताच या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १७०० पट किंवा त्याहूनही अधिक जागा लागते. ती कणांमधल्या फटींतून निसटली तर ठीक. अडली तर रसात शिरते आणि रस गोठल्यावर तिथे भोक राहते.

कोल्हापूर परिसरातल्या फौंड्रीत पूर्वी कारागीर हाताने वाळू ठोकून साचे करीत. साचा कुठे घट्ट, तर कुठे सैल होई. सैल जागी तो रसाच्या दाबाने फुगे आणि मापे चुकत. आता अनेक ठिकाणी यंत्र सगळी वाळू सारखी दाबते. मापे नेमकी येतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

पण गंमत पुढेच आहे. घट्ट दाबलेल्या वाळूत वाफेला वाट कमी उरते. हातकामाला चालणारी ओलसर वाळू तशीच यंत्रात घातली, तर भोके उलट वाढतात! म्हणून पाणी साधारण ३ टक्क्यांच्या आसपास ठेवावे लागते आणि ते वारंवार मोजावे लागते.

भट्टीचेही तसेच. क्युपोला भट्टीत कोकमधले गंधक रसात उतरते. विजेच्या इंडक्शन भट्टीत कोकच नसतो, त्यामुळे ही अडचण टळते. पण ही भट्टी भंगार शुद्ध करीत नाही. भंगार घाणेरडे, तर रसही घाणेरडा!

आता एक प्रयोग करा. ओलसर मातकट वाळू मुठीत घट्ट दाबून मूठ उघडा. फार कोरडी वाळू विस्कटेल, फार ओली हाताला चिकटेल. नेमक्या ओलीच्या गोळ्यावर बोटांचे ठसे उमटतील. जुने कारागीर वाळू अशीच पारखत. नव्या यंत्राला मात्र मुठीचा अंदाज पुरत नाही. त्याला आकडा लागतो.