हिरड्यांच्या गंभीर आजारावर ओझोन : मदतनीस की मुख्य इलाज?

पीपलरावां (जि. देवास) : ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दात हलायला लागलेत. गावाकडे याला सरळ 'पायोरिया' म्हणतात आणि 'वय झालं, दात जाणारच' असं म्हणून सोडून देतात. आता शहरांतल्या काही दवाखान्यांत यावर 'ओझोन थेरपी'चं नाव ऐकू येतं. चिरफाड नाही, दुखत नाही, जंतू मरतात, असं सांगितलं जातं. पीपलरावांसारख्या गावातून देवास किंवा इंदूरला जायचं म्हणजे भाडं लागतं आणि दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून पैसे मोजण्याआधी ओझोन नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे माहीत असलेलं बरं.

हिरडीखाली काय होतं?

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर कडक होतो, त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण हिरडीखाली शिरलं की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. डॉक्टर तिला 'पॉकेट' म्हणतात. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटरच्या पुढे आजार धरला जातो आणि ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली म्हणजे सहसा गंभीर अवस्था. तिथे हवा कमी असते आणि हवेशिवाय जगणारे जंतू फोफावतात. त्यांच्याशी लढताना शरीराची सूजच दाताभोवतीचं हाड झिजवत जाते. बहुतेक वेळा हे दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा दवाखान्यात पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

तंबाखू, गुटखा किंवा बिडी असेल तर धोका वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे 'आपल्याला काही नाही' असा गैरसमज होतो. मधुमेहाचं नातं तर दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत मधुमेह्यांची एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरते, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे.

ओझोन काय करतो?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. तिसरा अणू पटकन सुटतो आणि जंतूंच्या बाहेरच्या आवरणावर हल्ला करतो. म्हणूनच पिण्याचं पाणी शुद्ध करायलाही ओझोन वापरतात. दातांसाठी त्याचा वापर स्वित्झर्लंडचे दंतवैद्य ई. ए. फिश यांनी १९३०च्या दशकात केला. आज तो तीन रूपांत मिळतो : पॉकेटमध्ये सोडायचं ओझोनयुक्त पाणी, हिरडीला लावायचं ओझोनयुक्त तेल, आणि मशीनने दिलेला वायू. पाण्यातला ओझोन थोड्याच वेळात उडून जातो, त्यामुळे ते ताजंच बनवावं लागतं. बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्याचा उपयोग नाही.

अडचण इथे आहे. ओझोन जंतू मारतो, पण मुळाला घट्ट बसलेलं किटण काढत नाही. किटण तिथेच राहिलं तर काही दिवसांत त्यावर नवे जंतू बसतात. झिजलेलं हाडही ओझोनने परत येत नाही. हिरडीखालची खोल सफाई, म्हणजे डीप क्लिनिंग, हाच पायाचा उपचार आहे. त्याला ओझोनची जोड दिल्यावर काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला, तर काहींत नुसत्या सफाईइतकाच परिणाम मिळाला. म्हणजे सफाईनंतर ओझोन घेतला तर ती जोड झाली. सफाईऐवजी घेतला तर आजार आत वाढतच राहतो.

धोकाही ओळखा

ओझोन श्वासात गेला तर खोकला येतो, छातीत जळजळतं, दमेकऱ्यांना जास्त त्रास होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या नियमात त्याला विषारी वायू म्हटलं असून त्याचा सिद्ध झालेला वैद्यकीय उपयोग नाही, असं नोंदवलं आहे. वायू देताना तो ओढून घेणारी सोय दवाखान्यात हवीच. गरोदर बाई, थायरॉईड वाढलेले रुग्ण, रक्त फार कमी असलेले आणि जी६पीडी कमतरता असलेले यांनी ओझोन टाळावा, असं सांगितलं जातं. यातली शेवटची कमतरता मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत आढळते, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा. ऑनलाइन मशीन मागवून घरी प्रयोग करू नका.

पैसे देण्याआधी विचारा

• पॉकेट किती मिलिमीटर आहेत? प्रत्येक दाताचा आकडा लिहून घ्या.
• एक्स-रेमध्ये हाड किती गेलंय?
• आधी खोल सफाई होणार का? ओझोनचे पैसे त्यातच आहेत की वेगळे?
• साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणार का?

दुसऱ्या मोजणीत पॉकेट खोलच राहिले तर हिरडी उघडून सफाई करण्याची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. ती ओझोनच्या नावाखाली पुढे ढकलू नये.

माळव्यातल्या दवाखान्यांत बोलणं हिंदीत होतं. घरातल्या मोठ्यांसोबत जाताना लक्षात ठेवा, तिथे हिरड्यांना 'मसूड़े' म्हणतात आणि पायोरियाला 'पायरिया'. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. विदर्भाच्या बाजूच्यांना नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल, तर गोवा आणि सीमाभागातल्यांना बांबोळीचं. कुठेही गेलात तरी उपचारानंतर पहिलं वर्ष दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करून घ्या. पॉकेट पुन्हा खोल होत असेल तर दात हलण्याआधीच ते कळतं.