वादळात बंदरावर पक्षी वाढतात, की आपल्याला जास्त दिसतात?

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळ्यात ‘नॉरईस्टर’ वादळं येतात. वादळाचं केंद्र समुद्रावर असतं, वारे त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात आणि किनाऱ्यावर ईशान्येकडून आदळतात. म्हणून हे नाव. अशा दिवशी शहाणी माणसं घरात बसतात. पक्षी बघणारे मात्र दुर्बिणी घेऊन बाहेर पडतात, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची एक आवडती जागा म्हणजे ग्लॉस्टरचं मासेमारी बंदर.

ग्लॉस्टर केप ॲन या भूशिरावर आहे. बंदराचं तोंड नैऋत्येकडे, पूर्वेला ईस्टर्न पॉइंटची जमीन आडवी, आणि तोंडाशी लाटा अडवणारी लांब दगडी भिंत. बाहेर समुद्र खवळलेला असताना आत पाणी बऱ्यापैकी शांत असतं. तिथं आयडर बदकं, लून, मासळीच्या धक्क्यावर उत्तरेकडून आलेले आइसलँड कुरव, आणि नशीब असेल तर डव्हकी दिसतो. हा जेमतेम २० सेंटिमीटरचा काळापांढरा आर्क्टिक पक्षी एरवी खुल्या समुद्रात राहतो.

आता समजा, वादळाच्या दिवशी तुमच्या यादीत ५ डव्हकी आले, आदल्या आठवड्यात एकही नव्हता. यातून काय सिद्ध होतं? संशोधन पद्धतीच्या तासाला मी हेच उदाहरण देते, कारण उत्तर दिसतं तितकं सोपं नाही. वाऱ्यानं पक्षी किनाऱ्याकडे ढकलले असतील. आडोसा शोधत ते स्वतःहून आत आले असतील. किंवा उपाशी, थकलेले असतील आणि पुन्हा बाहेर जायची ताकदच उरली नसेल. तिन्हीत आकडा एकच, ५. पण पहिल्या दोन शक्यतांत पक्षी ठणठणीत आहेत, तिसरीत मरायला टेकलेत.

शिवाय बघणाऱ्याचा घोळ वेगळाच. उंच लाटांमध्ये एवढासा पक्षी क्षणभर वर येतो आणि खोलगटात गडप होतो, म्हणजे खुल्या समुद्रावरची मोजणी खरी संख्या कमी दाखवते. बंदरात तो जवळ आणि शांत पाण्यात असतो, म्हणून सहज सापडतो. वर त्या दिवशी लोक जातात ते ‘आज काहीतरी दिसणार’ म्हणूनच. शांत मंगळवारी तिथं तासभर उभं राहून शून्य लिहिणारे किती? माझ्या मते वादळातल्या ५ पेक्षा ते शून्य जास्त मौल्यवान आहे. त्याच जागी, तेवढाच वेळ, वादळ असो-नसो, आणि सोबत वाऱ्याची दिशा, लाटा, दृश्यमानता. हे नसेल तर तुलना कशाशी करणार?

यात जीव पणाला लागलेले असतात, हेही खरं. नोव्हेंबर १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर डव्हकी पडले होते. त्यावर मर्फी आणि व्होग्ट यांनी पुढच्याच वर्षी ‘द ऑक’ या नियतकालिकात लेख लिहिला. २०१३-१४ च्या हिवाळ्यात युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यांवर ५० हजारांहून जास्त मेलेले समुद्रपक्षी सापडले, त्यात पफिन सर्वाधिक. (हा आकडाही जपून वाचा. वारा जमिनीकडे वाहत असेल तर मृत पक्षी किनाऱ्याला लागतात, उलट असेल तर समुद्रातच बुडतात.)

मग मरतात कशानं? सहज सुचणारं उत्तर: थंडी-वाऱ्याशी झुंजताना जास्त ऊर्जा खर्च होते. मॅनॉन क्लेरबो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हेच तपासलं. उत्तर अटलांटिकमधल्या ५ जातींच्या सुमारे १,५०० पक्ष्यांचे हिवाळी मार्ग त्यांनी वादळांच्या नोंदींशी जोडले आणि ऊर्जाखर्चाचं गणिती प्रारूप चालवलं. निष्कर्ष अपेक्षेच्या उलटा आला: वादळात ऊर्जेची गरज वाढत नाही. म्हणजे खर्चापेक्षा खरी अडचण जमेची. भक्ष्य मिळत नाही, किंवा असूनही पकडता येत नाही, म्हणून ते उपाशी मरतात.

हा पेपर मला आवडतो तो यासाठी की त्यात पटणारं गृहीतक मांडून ते पडू दिलंय. पण त्याचीही मर्यादा बघा. पक्षी उपाशी राहताना कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, खर्च वाढत नाही यावरून तो अंदाज काढलाय. आणि अशा अभ्यासांत पायाला लावायची जी छोटी प्रकाशमापक यंत्रं वापरतात, त्यांतून मिळणाऱ्या जागेत शे-दोनशे किलोमीटरचा फरक पडू शकतो. अख्ख्या महासागराच्या नकाशाला तेवढं चालतं. एका बंदराच्या प्रश्नाला नाही, तिथं दुर्बीण आणि वहीच लागते.

आपल्याकडे हा प्रकार हिवाळ्यात नाही, पावसाळ्यात घडतो. जून-जुलैच्या वाऱ्यात कोकण किनाऱ्यावर थकलेले बूबी आणि काळे सुरय सापडतात, फोटोसकट बातमी येते. पुढच्या वेळी अशी बातमी वाचलीत तर एवढं तपासा: आधीचे तीन दिवस वारा कुठून होता, पक्ष्याचं वजन कुणी केलं का, आणि त्या किनाऱ्यावर आदल्या आठवड्यात कुणी फिरकलं तरी होतं का?