पारसनीस

जोशी, पाटील, कुलकर्णी एकेका वर्गात तीन-तीन सापडतात. पारसनीस मात्र सगळ्या शाळेत एखादाच. ऐकायला गोड, लिहायला सोपं, पण कमी भेटणारं असं हे आडनाव. त्याच्या शेवटी ‘कर’ नाही, म्हणजे ते गावावरून आलेलं नाही. ‘जी’ किंवा ‘राव’ नाही, म्हणजे कुणा पूर्वजाच्या नावावरूनही नाही. त्याचे दोन तुकडे पडतात, पारस आणि नीस. पारस म्हणजे फारसी भाषा. नीस हे ‘नवीस’चं झिजलेलं रूप आणि नवीस म्हणजे लिहिणारा. फारसीत लिहिणारा तो पारसनीस. शब्दकोशातला अर्थ एवढाच, एका ओळीत संपणारा. मला मात्र या एका ओळीनं इराणमधल्या एका कड्यापर्यंत नेलं.

इराणच्या पश्चिमेला, केरमानशाहजवळ, बेहिस्तून नावाचा डोंगर आहे. इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास दार्यवहु पहिला, ज्याला आपण पाठ्यपुस्तकातून डरायस म्हणून ओळखतो, त्या सम्राटानं या डोंगराच्या उभ्या कड्यावर आपला विजयवृत्तांत तीन भाषांत कोरून घेतला. प्राचीन पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी. पर्शियन मजकुराच्या सुरुवातीलाच तो आपली ओळख देतो: थोर राजा, राजांचा राजा, पार्स देशाचा राजा. हे ‘पार्स’ म्हणजेच आपल्या आडनावातलं ‘पारस’. याच देशाच्या नावावरून भाषेला पारसी म्हणू लागले. अरबी लिपीत ‘प’ला अक्षर नसल्यामुळे पारसीचं फारसी झालं. मराठीनं मात्र या आडनावात जुना ‘प’ धरून ठेवला आहे.

त्याच लेखात पुढे चौथ्या स्तंभात सम्राट सांगतो की मी केलेलं आणखीही पुष्कळ आहे, पण ते या लेखात लिहिलेलं नाही. ‘लिहिलेलं’ यासाठी त्यानं वापरलेला शब्द आहे ‘निपिश्तम्’. हाच शब्द पुढे मध्ययुगीन पर्शियनमध्ये ‘निबिश्तन’ झाला, मग ‘नविश्तन’ झाला, त्यातून ‘नवीस’ आला आणि मराठीत येऊन ‘नीस’ झाला. म्हणजे पारसनीस या आडनावाचे दोन्ही तुकडे, पहिलाही आणि दुसराही, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एकाच दगडावर कोरलेले आहेत. दारावरच्या पाटीवरचं पाच अक्षरांचं एक नाव, आणि त्याची दोन्ही मुळं त्या कड्यावर! हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या पाच अक्षरांकडे पाहत राहिलो.

(हा लेख जगाला वाचून दाखवणारा हेन्री रॉलिन्सन मूळचा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२७मध्ये तो हिंदुस्थानात आला, फारसी शिकला, आणि पुण्याहून पनवेलपर्यंत भरधाव घोडेस्वारी केल्याबद्दल फौजेत त्याचं नाव झालं. १८३५पासून त्यानं बेहिस्तूनच्या कड्यावर शिड्या लावून तो मजकूर उतरवायला सुरुवात केली. आपल्या आडनावाच्या उलगड्यात बोरघाटातून दौडलेला माणूस असावा, याचा मला उगाच आनंद होतो.)

आता ‘निपिश्तम्’ची फोड करू. सुरुवातीचा ‘नि’ तोच, जो आपण निक्षेप, निधान, निवेश या शब्दांत रोज वापरतो. पुढचा धातू संस्कृतातल्या ‘पिश्’ या धातूचा सख्खा भाऊ. पिश् म्हणजे कोरणं, घडवणं, सजवणं. ‘पेशल’ म्हणजे सुंदर, नाजूक, तो त्याच घरातला. लिहिणं म्हणजे मुळात कोरणं आणि रंगवणं, हे या धातूत साठवलेलं आहे. तीच शाखा उत्तरेला गेली आणि रशियन भाषेत ‘पिसात्’ झाली. तिथेही अर्थ लिहिणं हाच. मॉस्कोतल्या मुलाचं ‘पिसात्’ आणि साताऱ्यातल्या घराण्याचं ‘नीस’ एकाच मुळावरचे.

हा शब्द सुलतानांच्या काळात पहिल्यांदा भारतात आला, असं आपण गृहीत धरतो. पण तो त्याच्या कितीतरी आधी एकदा येऊन गेला आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीच्या खडकावर खरोष्ठी अक्षरांत त्याच्या आज्ञा आहेत. तिथे, बाकी ठिकाणी ‘लेखित’ वगैरे शब्द असतात त्या जागी, काही आज्ञांत ‘निपिस्त’ असं कोरलेलं आहे. शेजारी शेकडो वर्षं इराणी साम्राज्य होतं, त्याच्या कारकुनांचा शब्द सरहद्दीवर रुळला होता. गिरनारच्या खडकावर अशोक आपल्या लेखाला ‘लिपि’ म्हणतो, तर शाहबाजगढीला ‘दिपि’. दार्यवहूचा शब्दही ‘दिपि’च. तो इराण्यांनी एलामी लोकांकडून घेतला, त्यांनी बॅबिलोनकडून, आणि बॅबिलोननं सुमेरकडून, जिथे ‘दुब’ म्हणजे लिहिण्यासाठी केलेली मातीची पाटी. आपण देवनागरी लिपी, मोडी लिपी म्हणतो तेव्हा त्या मातीच्या पाटीचं नाव घेत असतो. याच ‘दिपि’पासून फारसीत लेखनिकाला ‘दबीर’ म्हणू लागले. शिवाजी महाराजांच्या परराष्ट्र कारभाऱ्याचं पद डबीर होतं आणि डबीर आजही मराठी आडनाव आहे. ‘दिवाण’सुद्धा त्याच कुळातला. पारसनीस आणि डबीर शेजारी राहत असतील, तर दार्यवहूच्या वाक्यातले दोन शब्द एका जिन्यावर राहतात असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्यांदा ‘नवीस’ हा शब्द दख्खनेत आला तो राज्यकारभाराबरोबर. १३४७मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, पुढे त्यातून निजामशाही, आदिलशाही निघाल्या. दरबाराची भाषा फारसी, पण गावचा वसूल, शेताची मोजणी, पाटील-कुलकर्ण्यांचे तंटे हे सगळं मराठीत. त्यामुळे दोन्ही भाषा जाणणारा माणूस कारभाराला हवाच होता. तो फारसी पत्र वाचून मराठीत सांगे आणि मराठीत सांगितलेलं फारसीच्या घाटात बसवी. फारसीच्या घाटात बसवणं हे सोपं काम नव्हे. कुणाला कोणता किताब लावायचा, कुणाचं नाव किती विशेषणांनंतर घ्यायचं, आदर कुठे आणि धमकी कुठे झाकायची, याची शिस्त होती. एक विशेषण कमी पडलं तर दूत रिकाम्या हातानं परतावा, इतकी.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची फारसी नावं बदलली. सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला, डबीर सुमंत झाला. रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, त्यात जवळजवळ १४०० दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण त्याच महाराजांनी जिझियाविरुद्ध औरंगजेबाला जे प्रसिद्ध पत्र पाठवलं ते फारसीत होतं, आणि त्याचा मसुदा नीळ प्रभू या मुनशीचा. यात मला विसंगती दिसत नाही. आपल्या घरात आपली भाषा, आणि बादशहाला त्याच्या भाषेत, त्याला नीट कळेल असं. पेशवाईत तर दिल्ली, हैदराबाद, इंग्रज या सगळ्यांशी पत्रव्यवहाराची सामायिक भाषा फारसीच होती. पारसनिसाचं दप्तर अगदी शेवटपर्यंत उघडं राहिलं.

या एका ‘नीस’चं गोत मोठं आहे. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. पोत म्हणजे सरकारी खजिना, त्याचा लिहिणारा पोतनीस. जमेची बाजू लिहिणारा जमेनीस. खासगीकडचा खासनीस. कोटाचा कोटणीस. घडलेलं रोजच्या रोज टिपणारा वाकनीस. फर्द म्हणजे कागदाचा बंद किंवा यादी, त्यावरून फडणवीस. फड म्हणजे कचेरी, त्यावरून तो आला असंही सांगतात. गडावर हवालदार आणि सरनौबत यांच्या बरोबरीनं सबनीस असे, त्याच्याकडे हजेरी आणि हिशेब. धान्याच्या आणि सामानाच्या कोठारांचं लिहिणं कारखानिसाकडे. हा खरं तर ‘कारखाना-नवीस’, पण दोन ‘न’ जवळ आले आणि मराठी जिभेनं एक गिळला.

आणखी एक गंमत या नावांत उघड्यावर आहे, तरी सहसा कुणी तिच्याकडे पाहत नाही. ती मोठ्यानं म्हणून बघा. चिटणीस, फडणीस, कोटणीस यांत ‘ण’ आहे. पारसनीस, पोतनीस, सबनीस, खासनीस यांत ‘न’ आहे. फारसीत तर ‘ण’ नाहीच. मग तो आला कुठून? आधीच्या अक्षरातून. ट किंवा ड म्हणताना जीभ टाळ्याकडे मागे वळते आणि लगेच पुढचा ‘न’ म्हणायचा असतो, तेव्हा ती तिथेच राहून ‘ण’ म्हणते. ‘स’, ‘त’, ‘ब’ यांच्यानंतर तिला वळावं लागत नाही. कुणी नियम केला नाही, कुठल्या कोशकारानं शिकवलं नाही. हजारो तोंडांनी आपापलं हेच केलं आणि परक्या शब्दाला मराठी वळण लागलं.

मग पारसनीस इतके कमी का? उत्तर पदाच्या स्वरूपात आहे. कुलकर्णी गावोगाव लागे, म्हणून कुलकर्णी अमाप. सबनीस, कारखानीस गडागडावर. चिटणीस प्रत्येक दरबाराला, मोठ्या सरदारालाही. पण फारसी लिहिणारा फक्त तिथेच हवा, जिथून परमुलुखाशी पत्रं चालतात. असे दरबार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जितकं पद दुर्मीळ तितकं आडनाव दुर्मीळ. आडनावांची शिरगणती अशी जुन्या कारभाराचा आराखडाच दाखवते.

पद हेच आडनाव झाल्यामुळे रक्ताचं नातं मात्र त्यात शोधू नये. चिटणीस, फडणीस, पोतनीस देशस्थांत सापडतील, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही सापडतील. आडनाव एक, गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं. अनेकांचं मूळ आडनाव पदाखाली झाकलं गेलं. नाना फडणवीस हे बाळाजी जनार्दन भानू. भानू आज किती जणांना आठवतं? महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याबद्दल आख्यायिका आहे की पत्र लिहायला वेळ मिळाला नाही, तरी महाराजांनी विचारताच त्यांनी कोरा कागद हाती धरून सगळा मजकूर घडाघडा वाचून दाखवला. मोडीच्या एका वळणाला ‘चिटणिशी’ म्हणतात. घराण्याला पद मिळालं, पदाचं आडनाव झालं आणि अक्षराच्या वळणालाही तेच नाव लागलं.

मराठ्यांचं दप्तर जिथे मांडलं गेलं तिथे ही आडनावं गेली: सातारा, कोल्हापूर, नागपूर, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर. नागपूरकर भोसल्यांच्या राजधानीत ‘व’ शाबूत राहिला, म्हणून तिथे गंगाधरराव चिटणवीस. बंगालच्या नवाबी कारभारातही हाच शब्द होता. तिथल्या उच्चारात तो ‘नोबीस’ झाला. महाल म्हणजे महसुलाचा विभाग, त्याचा लिहिणारा महालनोबीस. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि स्वतंत्र भारताच्या नमुना पाहणीचा पाया घातला. सगळ्या देशाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला याहून साजेसं आडनाव मिळालं नसतं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले आणि १९४२मध्ये तिथेच वारले. आपलं एक ‘नीस’ असं चिनी इतिहासातही नोंदलं गेलं.

पारसनिसांत सर्वांत मोठं काम दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी केलं, असं मी मानतो. तोवर पेशवाई बुडून अर्धं शतक उलटलं होतं, १८३७मध्ये कंपनीनं कारभारातून फारसी काढून टाकली होती, आणि ज्या कामावरून आडनाव पडलं ते कामच उरलं नव्हतं. वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली पत्रं वाळवी खात होती. पारसनीस ती शोधत हिंडले, ‘इतिहाससंग्रह’मधून छापत राहिले, आणि साताऱ्यात त्यांनी संग्रहालय उभं केलं. नाना फडणविसांचं मेणवलीचं दप्तरही त्यांच्या संग्रहात आलं. तो संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. एका फडणविसाचे कागद एका पारसनिसानं वाचवले.

‘नवीस’ इराणमध्ये अजून नोकरीवर आहे. तिथला उच्चार ‘नेविस’. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा तिथे ‘बरनामे-नेविस’, त्यातलं ‘नामे’ आपल्या करारनाम्यातलं. कच्चा मसुदा म्हणजे ‘पीश-नेविस’, त्यातलं ‘पीश’ म्हणजे पुढे, पेशव्यांचं ‘पेश’. सिनेमाच्या पडद्याखाली धावणाऱ्या ओळी म्हणजे ‘झीर-नेविस’, त्यातलं ‘झीर’ म्हणजे खाली, आपण कुणाला जेरीस आणतो त्यातलं. आणि तेहरानमध्ये वह्यापेनांच्या दुकानात जाऊन ‘खोदनेविस’ मागितलं, तर दुकानदार शाईचं पेन काढून समोर ठेवील. खोद म्हणजे आपलं खुद्द. दौतीत बुडवावं न लागता खुद्द लिहिणारं, म्हणून खुद्दनवीस.